दोरीचं दुसरं टोक

“काय पळतो हो तुमचा माणूस. परवा माझी तर जीभ बाहेर आली,” गिऱ्हाईक हसत हसत म्हणालं, आणि रंगाऱ्याचा हात रंग मिसळायच्या यंत्राच्या दांडीवर जागच्या जागी थांबला. गिऱ्हाईक म्हणजे कॉलेजातला तरणाबांड व्यायामशिक्षक. मागच्या आठवड्यात रंगारी तापाने पडला होता तेव्हा दोन संध्याकाळी पैलवानाबरोबर हाच पळाला होता, आणि आज मुलीच्या खोलीसाठी फिकट निळा रंग न्यायला आला होता. त्याच्या मनात काही नव्हतं. कौतुकच करत होता बिचारा. “मी म्हटलं, वय झालंय त्यांचं, जरा बेताने घेऊ. कसलं काय. शेवटच्या फेरीत मलाच म्हणतात, झोपलास का रे? आणि दोरी अशी ताणली की दोन दिवस मनगट दुखत होतं.” त्याने मनगट पुढे करून दाखवलं. मनगटावर बघण्यासारखं काही नव्हतं, तरी रंगारी बघत राहिला. दोरी ताणली. त्याच्या स्वतःच्या हातातली दोरी गेल्या दोन वर्षांत एकदाही ताणली गेली नव्हती, हे त्याला आत्ता, या काउंटरपाशी उभं असताना कळत होतं. “छान पळतो तो,” रंगारी म्हणाला आणि त्याने दांडी दाबली. निळ्याचा थेंब पडायचा तिथे धार गेली.

रंगारी हे त्याचं नाव नव्हे, आणि तसं पाहिलं तर धंदाही नव्हे. उभ्या आयुष्यात त्याने एक भिंत रंगवली नव्हती. रंगाच्या दुकानात गिऱ्हाइकाला हवी ती छटा मिसळून द्यायची, एवढंच त्याचं काम. लोक जुन्या भिंतीचा पोपडा कागदात गुंडाळून आणत आणि म्हणत, अगदी असाच द्या. पण पैलवानाने पहिल्याच दिवशी त्याला रंगारी केलं आणि मग सगळ्या मैदानाने. पैलवान हेही तसलंच. ज्याच्या अंगावर चिमटीत धरायला मांस नाही त्याला लोक पैलवान म्हणणारच. पैलवानाला दिसत नव्हतं. लहानपणी दिसायचं, मग शाळेत असतानाच नजर कडेकडेने गेली, शेवटी मधलंही गेलं. रंग मात्र आठवत होते, आणि रोज संध्याकाळी बुटाची नाडी बांधता बांधता तो विचारायचा, “काय खपलं आज?” रंगारी सांगायचा, राखाडी खपला, राखेचा नव्हे, ओल्या सिमेंटचा. किंवा पिवळा, पण जुन्या वर्तमानपत्राचा. पैलवान मान हलवायचा आणि तो रंग डोक्यात कुठेतरी नीट लावून ठेवायचा. मग दोघांच्या मधे ती वीतभर दोरी यायची. दोन्ही टोकांना फास. एक पैलवानाच्या उजव्या हातात, दुसरा रंगाऱ्याच्या डाव्या. शर्यतीचे नियम सोपे होते. सोबत्याने पळणाऱ्याला ओढायचं नाही. सोबत्याने शेवटची रेषा आधी ओलांडायची नाही. बाकी सगळं तोंडाने: सरळ, वळण, पुढे एक जण आहे, बाहेरून काढ. पळणाऱ्याने सोबत्याला ओढू नये असा नियम मात्र कुठेच नव्हता. तशी वेळ कुणावर येईल असं नियम करणाऱ्यांना वाटलं नसावं.

व्यायामशिक्षक डबा घेऊन गेला. कार्डावर थेंब लावायचा, वाळवायचा, पारखायचा आणि मगच झाकण ठोकायचं, हा या धंद्यातला पहिला धडा. कारण ओला रंग एक दिसतो आणि वाळला की दुसराच निघतो. रंगाऱ्याने आजवर वाळवल्याशिवाय डबा दिला नव्हता. आज दिला. काउंटरवर सांडलेला शिंतोडा घटकाभराने वाळला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की त्या पोरीची खोली आता दिवसाढवळ्या अंधारी दिसणार. मालकाने शिंतोड्याकडे पाहिलं, मग याच्याकडे. “लक्ष कुठंय?” “तापाने अजून जरा गळाल्यासारखं वाटतंय,” तो म्हणाला, आणि ते खोटंही नव्हतं. फडक्याने तो शिंतोडा घासत बसला. शिंतोडा हलेना. दोन वर्षं. दोन वर्षांपूर्वी पैलवान पहिल्यांदा हरला, मग हरतच गेला; तिसरा, पाचवा, एकदा तर शेवटून दुसरा. लोक म्हणाले, झालं, वय कुणाला सुटलंय. पैलवान स्वतःच म्हणायचा, “म्हातारा झालो रे रंगारी,” आणि रंगारी त्याची समजूत काढायचा. समजूत काढायचा! मनातून त्याला वाईट वाटायचं, पण त्या वाईटाच्या तळाशी एक बारीकसा आनंद असायचा, हे त्याला आता आठवलं आणि कानशिलं तापली. कारण त्याच दोन वर्षांत त्याला स्वतःला कधी नव्हे इतकं हलकं पळता येत होतं. फेरी संपली तरी छाती भरून यायची नाही. घरी आरशासमोर पोट आत ओढून तो बायकोला म्हणायचा, “बघ, पैलवानापेक्षा मीच तरुण राहिलो.” बायको म्हणायची, “राहा की, मी कुठे नाही म्हणते?” तो पैलवानापेक्षा चारएक वर्षांनी मोठा होता. हिशेब साधा होता, कुणालाही जमला असता. त्याने केला नव्हता.

संध्याकाळी बूट घ्यायला तो घरी गेला. बायको म्हणाली, “आज नका जाऊ. अंगात ताकद नाही अजून.” त्याने नाडीची गाठ सोडवता सोडवता विचारलं, “मी कसा पळतो गं?” ती जरा चकित झाली. “मला काय ठाऊक? शर्यतीला आले की बघते मी त्याला. सगळे त्यालाच बघतात.” मग याचा चेहरा पाहून म्हणाली, “तुम्हीही दिसता म्हणा, बाजूला.” आणि तिने चहाच्या आधणाखालची आच कमी केली. तो बाहेर पडला. दुकानांच्या रांगेपुढून चालताना एका काचेत त्याला आपलं चालणं दिसलं. उजवा हात मोकळा हलत होता, डावा मात्र अंगाला धरून, मूठ अर्धवट मिटलेली, थोडा पुढे जात होता आणि थोडा मागे येत होता, कुणाच्या तरी हाताने मोजून दिल्यासारखा. पूर्वी तो हे हसत सांगायचा. झोपेतही माझा डावा हात पळतो म्हणायचा. आज त्याने हात मुद्दाम मोकळा सोडला, आणि दहा पावलांत तो पुन्हा अंगाशी आला.

दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत एका शाळेत पैलवानाचा सत्कार झाला होता, हरायला लागण्याच्या थोडं आधी. मुलांसमोर मुख्याध्यापकांनी विचारलं, मोठा खेळाडू कशाने होतो? सगळ्यांना वाटलं, कष्ट म्हणेल, चिकाटी म्हणेल, आईवडिलांचे आशीर्वाद म्हणेल. पैलवान माइक शोधत पुढे वाकला आणि म्हणाला, “दया न आल्याने.” हशा पिकला. मुख्याध्यापकांनी घाईने टाळ्या वाजवल्या. रंगारी शेजारच्या खुर्चीत बसला होता आणि तो हसला नव्हता, कारण त्याला तो माणूस आठवत होता. रंगाऱ्याच्या आधी जो सोबती होता तो पैलवानाचा शाळेतला मित्र. आंधळ्या पोराला पळता येतं हे ज्याने पहिल्यांदा ठरवलं, स्वतःच्या बुटाची नाडी काढून ज्याने पहिली दोरी केली, तोच. त्याचा गुडघा धरायला लागला. फार नाही, थोडासाच. कुणाच्या लक्षातही आलं नसतं. एका संध्याकाळी सराव झाल्यावर पैलवानाने त्याच्या हातातून दोरी काढून घेतली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाला, “उद्यापासून येऊ नकोस.” बस. ना गोड बोलणं, ना पाठीवर हात. रंगारी तेव्हा जाळीपाशी उभा होता. त्याला बोलावून ठेवलं होतं, पाहून घे म्हणून. त्या संध्याकाळी तो घरी गेला तो जवळजवळ नाचतच. स्वतः पळायचा तेव्हा तो बरा होता, वाईट नव्हता, बरा; आणि बरं असणं म्हणजे काय हे बरं असणाऱ्यालाच कळतं. कुणाच्या लक्षात राहत नाही, कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. आता एका खऱ्या मोठ्या माणसाच्या मनगटाशी तो बांधला जाणार होता. त्या दुसऱ्या माणसाचं काय झालं, हा विचार त्याला शिवला नाही. उलट पुढे कितीदा तरी त्याने लोकांना तो प्रसंग कौतुकाने सांगितला होता: बघा, असा असतो मोठा खेळाडू, आड आला तर सख्ख्या मित्राला बाजूला करतो. सांगताना आवाज चढायचा. जणू काही ती निर्दयता थोडी आपलीही होती.

आणि त्याच पैलवानाला माझी दया आली. रस्ता ओलांडायला थांबला असताना हे वाक्य त्याच्या मनात सरळ उभं राहिलं, आणि दिवा बदलला तरी तो उभाच राहिला. मागच्या माणसाने धक्का दिला. दया आली म्हणजे काय? म्हणजे मी इतका गेलो? की तो गेला? ज्याच्या मोठेपणाच्या गोष्टी मी सांगत फिरलो ते मोठेपण त्याने माझ्या पायाशी ठेवून दिलं, एकेक शर्यत करून, आणि मी त्यावर उभा राहून आरशात पोट आत ओढत होतो. त्याला पैलवानाचा राग आला. खरंच आला, अपमान झाल्यासारखा, कुणी न विचारता आपल्या खिशात काही घालावं तसा. पण रागाच्या आत दुसरंही काही होतं, ते हाताळायची त्याला भीती वाटली. आजवर त्याच्यासाठी कुणी काही सोडलं नव्हतं. संघाची निवड चाचणी पंधरवड्यावर आली होती आणि ही शेवटची, हे सगळे जाणत होते. यंदा घेतलं नाही तर पैलवानाला पुन्हा कुणी बोलावणार नव्हतं. चूप बसलं तर चाललं असतं. तो हरेल, लोक वय म्हणतील, आणि दोरी शेवटपर्यंत माझ्याच हातात राहील. हा विचार इतका सरळ आणि इतका उबदार होता की मैदानाच्या फाटकात त्याला स्वतःचीच किळस आली.

पैलवान पायरीवर बसून नाडी बांधत होता. पावलं ओळखून त्याने मान वर केली. “ताप गेला?”

“गेला.”

“काय खपलं आज?”

“निळा.”

“कसला निळा?”

“फिकट हवा होता. गडद झाला.”

“कुणाला दिलास?”

“होतं एक गिऱ्हाईक,” रंगारी म्हणाला. पैलवानाने दोरी पुढे केली.

मैदानावर गर्दी नव्हती. पलीकडच्या अंगाला दोनतीन म्हातारी माणसं चालत होती. पहिली फेरी त्यांनी नेहमीसारखी घेतली, बूट एकदम वाजत होते, चार पायांचा एकच आवाज. हा आवाज रंगाऱ्याला फार आवडायचा. आज तो आवाजच त्याला खोटा वाटला. दुसऱ्या फेरीत सरळ पट्ट्यावर त्याने मुद्दाम पाऊल आखूड केलं, अगदी किंचित, आणि दोरीकडे लक्ष ठेवलं. पूर्वी असं झालं असतं तर दोरी तट्ट झाली असती आणि चार शिव्या बसल्या असत्या. दोरी सैलच राहिली. पैलवानाचं पाऊलही तेवढंच आखूड झालं होतं, त्याच क्षणी, विचारसुद्धा न करता, जशी आई बोलता बोलता मुलाच्या चालीने चालायला लागते. रंगाऱ्याने आणखी कमी केलं. तेही आणखी कमी झालं. वळण झालं, पुढचा सरळ पट्टा समोर आला, रिकामा, संध्याकाळच्या उजेडात तांबूस. “सरळ आहे,” रंगारी म्हणाला. “पुढे कुणी नाही. तू जा.” आणि त्याने मूठ उघडून बोटांवरून फास सोडून दिला.

दोन पावलं पैलवान चाचपडला. मग तो गेला. रंगारी मागून धावत राहिला, पण धावण्यात त्याचं लक्ष नव्हतं. इतकी वर्षं झाली, त्याने पैलवानाला पळताना कधी पाहिलंच नव्हतं. कडेने दिसायचा तो एक कान, एक खांदा, घामाचा ओघळ. जाळीपाशी उभा होता त्या दिवशीही तो दोरीच बघत होता, दोरीचं दुसरं टोक, जिथे उद्या आपण असणार. आता पहिल्यांदा अख्खा माणूस समोर होता. डोकं हलत नव्हतं. भरला पेला ठेवला असता तरी सांडला नसता. पाऊल लांब पडत होतं आणि घाई कुठेच नव्हती. समोर काय आहे हे ठाऊक नसताना माणूस असा जाऊ शकतो, अंग जराही न चोरता, हे त्याला पटेना. भीतीच नव्हती त्या पाठीत. एवढंच की उजवा हात मोकळा फिरत नव्हता. तो अंगाशी धरून, मोजून पुढेमागे होत होता, शेजारी कुणाचा तरी हात असल्यासारखा, आणि दोरी त्या हाताखाली लोंबत उडत होती. रंगाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. याला आपण दोन वर्षं धरून ठेवलं.

मग वळण आलं. वळणापलीकडे गवताची पट्टी आणि सिमेंटचे खांब असलेली जाळी. आता हाक द्यायला हवी होती. रंगाऱ्याने तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. छातीत हवा होती ती नुसती आत-बाहेर करत होती, तिचा शब्द होईना. त्याने पुन्हा प्रयत्न केला. पैलवान तसाच सरळ जात होता. त्याला दिसलं की आपण आता या माणसाला आंधळा करून सोडलंय. रेषा जिथे वाकते त्याच्या अलीकडे पैलवान थांबला. हळूहळू नव्हे, एकदम, जणू हाक येण्याची जागा त्याला माहीत होती आणि ती आली नाही एवढं पुरे होतं. तो वळला नाही. पाठमोराच उभा राहिला, उजवा हात बाजूला थोडा लांब धरून, दोरीचं रिकामं टोक खाली सोडून.

रंगारी चालत त्याच्यापर्यंत गेला. बराच वेळ लागला.

“किती मागे राहिलास?” पैलवानाने विचारलं.

“बराच.”

“ऐकू येत होतं.”

रंगारी गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. बोलण्यापुरता श्वास आल्यावर म्हणाला, “कधीपासून थांबतोयस माझ्यासाठी?”

“थांबलो कुठे? पळतच होतो की.”

“पैलवान.”

पैलवानाने दोरी बोटाभोवती गुंडाळली, सोडली. “वळणाला तुझा शब्द अर्धाच बाहेर यायला लागला तेव्हापासून. आधी मला वाटलं सर्दी असेल.”

“सांगायचंस की.”

“तुला कळत असेल असं वाटलं.”

“मला वाटलं मी झकास पळतोय,” रंगारी म्हणाला.

पैलवानाला हसू फुटलं. रंगारीही हसला, हसता हसता खोकला, आणि मग दोघांनाही पुढे हसता येईना. पलीकडून म्हातारी माणसं बोलत बोलत गेली. “परवा त्या मास्तराबरोबर पळालास तेव्हा कसं वाटलं?” रंगाऱ्याने विचारलं आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पैलवान आपला चेहरा कसा दिसतो हे कधीच विसरून गेला होता, त्यामुळे त्याला तो लपवता येत नसे. त्या चेहऱ्यावर भूक आली. जुनी, ओळखीची. “बरं वाटलं,” तो पुटपुटला, चोरी पकडल्यासारखा.

“मग म्हण.”

“काय म्हणू?”

“ठाऊक आहे तुला. माझ्या आधीच्याला म्हणालास तेच.”

“तेव्हाची गोष्ट वेगळी होती.”

“काय वेगळं होतं? तो तुझा मित्र नव्हता?”

“होता,” पैलवान म्हणाला. “म्हणूनच आता नाही म्हणणार. एकदा केलं ते पुरे आहे मला. तो अजून येतो माझ्या डोक्यात, वळणावळणाला.”

हे रंगाऱ्याला ठाऊक नव्हतं. ज्या गोष्टीने आपण लोकांना दिपवत होतो ती याला आतून पोखरत होती, आणि दोघं इतकी वर्षं वीतभर अंतरावर पळत होते. आता गप्प बसावं असं त्याला फार वाटलं. दोरी उचलावी, चल म्हणावं, सावकाश दोन फेऱ्या घ्याव्यात, आणि हरावं. पैलवान तयार होता. “तुला माझी दया आलीये,” रंगारी म्हणाला, मुद्दाम, जिथे लागेल तिथे. “शाळेत मुलांसमोर काय सांगितलं होतंस? मी लोकांना तेच सांगत फिरलोय. मला खोटं पाडू नकोस. म्हण.”

पैलवानाने दोरीचं लोंबतं टोक मुठीत गोळा केलं. मग तो म्हणाला, “उद्यापासून येऊ नकोस.” आवाज तोच होता, जाळीपाशी ऐकलेला, कोरडा, कुठेही न हलणारा. रंगाऱ्याने मागितलं होतं आणि त्याला मिळालं होतं. पण पैलवानाने ते त्याच्यासाठी म्हटलं की स्वतःसाठी, त्या आवाजावरून काही कळत नव्हतं. दोरी काढून घ्यायचा प्रश्न नव्हता. ती पैलवानाच्याच हातात होती.

दिवस मावळत आला होता. मग पैलवानाने हात पुढे केला, दोरीचं टोक लोंबत सोडून, आणि रंगाऱ्याच्या ध्यानात आलं की याला घरी सोडायचंय. फाटक, रस्ता, दोन चौक, अंधारा जिना. कुणीतरी हवंच. जुन्या सोबत्याची दोरी काढून घेतली त्या संध्याकाळी, रंगारी नाचत घरी गेला तेव्हा पैलवानाला घरी कुणी नेलं असेल? हा प्रश्न त्याला आजवर पडला नव्हता. उत्तर एकच होतं. त्याने फास डाव्या हातात घातला.

ते फाटकातून बाहेर पडले. रस्त्यावर नेहमी रंगारी अर्धं पाऊल पुढे असायचा आणि पैलवान त्याच्या चालीने चालायचा. आज पैलवान भराभर चालत होता. माणसं, सायकली, दुकानांपुढे मांडलेल्या खुर्च्या, सगळ्यांतून तो रंगाऱ्याच्या शब्दावर जात होता आणि शब्द यायच्या आत पाऊल टाकत होता. “डावीकडे खांब. पुढे मोकळं. थांब, गाडी.” गाडी गेली आणि तो पुन्हा निघाला. रंगाऱ्याचा श्वास पुरेना. दोरी ताणली होती, पार ताणली होती, मनगट दुखायला लागलं होतं. हळू चल म्हणावंसं एकदा तोंडाशी आलं. त्याने ते गिळलं. पैलवानाचा चेहरा त्याला दिसत नव्हता. दिसत होती ती पाठ, मघाची, अंग न चोरणारी. दुकानांचे दिवे लागत होते. वळणावर पदपथ वर चढत होता.

“पायरी,” रंगारी म्हणाला. पैलवानाने पाय उचलला, पण वेग कमी केला नाही.